वाजवणाऱ्यांची नावं

(इंदुरीत झालेल्या आपल्या १९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना माईक दोनदा बंद पडला तेवढा भाग गाळला आहे.)



आयोजकांनी मला 'शाळेनंतरचा माझा प्रवास' हा विषय दिला होता. माझा प्रवास तळेगाव ते शिवाजीनगर असा लोकलचा. तुमच्यातल्या निम्म्यांनी तो माझ्याच डब्यातून केलेला आहे. त्यात सांगण्यासारखं काही नाही. म्हणून मी परवानगी काढून विषय बदलून घेतला. मी बोलणार आहे राहुलदेव बर्मन यांच्यावर, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आरडीवर, पंचमवर. खरं तर त्याच्यापेक्षा जास्त, त्याच्या मागे बसून जी माणसं वाजवायची त्यांच्यावर.

बाईंच्या चेहऱ्यावर मला दिसतंय, की शाळेच्या मेळाव्यात हे काय. बाई, पाच मिनिटं थांबा, शाळा येतेच आहे त्यात.

पंचमचा जन्म कलकत्त्याचा, २७ जून १९३९. गेला ४ जानेवारी १९९४ ला, मुंबईत, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी. म्हणजे त्याला जाऊन तीस वर्षं उलटली. इतक्या वर्षांत किती संगीतकार आले, किती गेले. तरी आजही पुण्यात कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात पंचमच्या नावाचा कार्यक्रम लागला की तिकिटं मिळत नाहीत. बाहेर उभी असलेली माणसं सगळी आपल्या वयाची असती तर मी समजले असते. आठवणी उगाळायला आलीत म्हटलं असतं. पण तिथे विशी-पंचविशीची पोरं असतात, जी तो गेल्यावर जन्मली. त्यांना कसली आठवण? मला हा प्रश्न बरीच वर्षं पडला होता, आणि त्याचं माझ्यापुरतं उत्तर मला आपल्याच वर्गातल्या एका मुलाकडून मिळालं. तो मुलगा आता सत्तावन्न वर्षांचा आहे आणि तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेऊ नकोस, छापू तर मुळीच नकोस, असं त्याने बजावलंय. त्यामुळे सध्या त्याला 'आपला वाजवणारा' म्हणू. इकडे तिकडे माना वळवू नका, तुम्ही ओळखलाय.

आपल्या लहानपणी गाणं कानावर यायचं ते रेडिओवरून, एसटी स्टँडावरच्या हॉटेलातून, आणि गणपतीत कर्ण्यावरून. बुधवारी रात्री बिनाका. अमीन सायानी सिनेमाचं नाव सांगायचे, गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं आणि संगीतकाराचं. तेवढी नावं आपल्याला पाठ. पुढे कॅसेट आल्या, त्यांच्या कव्हरवरही तीच नावं. पण गाणं सुरू होताना जी गिटार वाजते, मध्ये जो सॅक्सोफोन रडतो, खाली जो ठेका चालू असतो, तो कोणाचा? हे कोणी सांगायचं नाही आणि आपण कोणी विचारायचोही नाही. आम्हा पोरींना तर तेवढंही नव्हतं. गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा तेव्हा मुलं पुढे सतरंजीवर, आणि आम्ही गच्चीवर, आजीच्या देखरेखीखाली. वरून स्टेजवरची माणसं दिसायची ती फक्त डोक्यांच्या रूपात. तरीही सांगते, गच्चीवरून ठेका जास्त छान ऐकू येतो. शब्द हवेत विरतात, ठेका पोचतो.

आणि वर्गात आपला वाजवणारा होता. बाकावर उजव्या हाताची बोटं, डाव्या हाताचा तळवा, आणि कंपासपेटीचं झाकण. त्याच्या त्या बाकामुळे कितीदा आख्खी रांग उभी राहिली हे सरांना आठवत असेल. सर हसताहेत, म्हणजे आठवतंय.

आता शाळा आली, बाई. १९७७ मध्ये गुलजार यांचा 'किताब' नावाचा सिनेमा आला. त्यात वर्गातल्या पोरांचं एक धमाल गाणं आहे, मास्तरांच्या चिठ्ठीवरचं. गायलंय शिवांगी आणि पद्मिनी कोल्हापुरे या बहिणींनी. त्या गाण्यात पंचमने तालासाठी काय वाजवलं असेल? शाळेची बाकं. स्टुडिओत खरी बाकं आणून ठेवली आणि ती बडवून घेतली. ज्या गुन्ह्यासाठी आपल्या वर्गात छड्या पडल्या, तोच गुन्हा या माणसाने मुंबईच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला आणि त्याचे पैसेही घेतले!

पंचमच्या अशा गोष्टी पुष्कळ आहेत आणि चाहत्यांना त्या तोंडपाठ असतात. 'पडोसन'मध्ये कंगवा खरखरीत पृष्ठभागावर घासलाय. 'यादों की बारात'मध्ये काचेच्या ग्लासावर चमचा वाजतो. 'शोले'त हेलनच्या नाचाच्या गाण्याआधी जो घुमणारा आवाज येतो तो बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारून काढलेला. 'सत्ते पे सत्ता'मध्ये दुसरा अमिताभ पडद्यावर येतो तेव्हाचा तो अंगावर काटा आणणारा आवाज म्हणजे ॲनेट पिंटो या गायिकेने घशात पाणी धरून केलेल्या गुळण्या आहेत. हे ऐकलं की लोक हसतात, 'काय डोकं होतं' म्हणतात, आणि पुढे जातात. मला मात्र हल्ली असं वाटतं, की पंचमवरचं प्रेम या गमतींवर टिकलेलं नाही. गंमत एकदा कळली की संपते. टिकलंय ते दुसऱ्याच गोष्टीवर, आणि त्यासाठी थोडं अमेरिकेत जावं लागेल.

तिकडे १९५० आणि १९६० च्या दशकांत कृष्णवर्णीय लोकांच्या संगीतात दोन गोष्टी घडल्या. एक 'सोल'. चर्चमध्ये देवासाठी गायचं जे गाणं, त्याच आर्त ढंगात माणसाच्या प्रेमाबद्दल गायचं. रे चार्ल्सने हे केलं तेव्हा देवभोळ्या मंडळींना ते अजिबात रुचलं नाही. आपल्याकडे अभंगाच्या चालीवर कोणी लावणी म्हटली तर देहूपासून सुदुंबऱ्यापर्यंत जे होईल, तेच तिथे झालं. दुसरी गोष्ट 'फंक'. ती जेम्स ब्राऊनची. त्याने काय केलं, तर सगळ्या वाद्यांना ताल वाजवायला लावलं. गिटार सूर छेडायची ती नुसती 'चक चक' करू लागली, ट्रम्पेट-सॅक्सोफोन हलगीसारखे तुटक तुटक वाजू लागले, आणि सगळा भर पहिल्या मात्रेवर. आपल्या भजनी मंडळात पखवाजवाला कितीही लांब भटकून आला तरी समेवर सगळे टाळ एकदम पडतात ना? बस, तेच. फरक इतकाच की फंकमध्ये प्रत्येक जण थोडं थोडंच वाजवतो. एकाचं एकट्याचं ऐकलं तर काहीच वाटणार नाही. चौघांचं एकत्र झालं की पाय जमिनीवर राहत नाही.

पंचमने हे सगळं रेकॉर्डवर ऐकलं आणि हिंदी सिनेमात आणलं. तो काही परदेशी गाण्यांवर वेडा झालेला हौशी पोरगा नव्हता. अली अकबर खाँ यांच्याकडे सरोद शिकला होता, सामताप्रसादांकडे तबला शिकला होता. तोंडाने वाजवायचा माउथ ऑर्गन तर इतका चांगला, की 'दोस्ती' सिनेमात लक्ष्मीकांत-प्यारेलालनी त्याच्याकडून वाजवून घेतला. पहिला सिनेमा १९६१ चा 'छोटे नवाब'. नाव झालं ते १९६६ च्या 'तीसरी मंझिल'ने. आणि १९७१ ला 'हरे रामा हरे कृष्णा' आला. त्यातलं झीनत अमानचं गाणं आठवा, ते चिलमीच्या धुरातलं. सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची. हो, तेच भूपिंदर, ज्यांच्या गझला आपण पुढे दूरदर्शनवर ऐकल्या. त्याच सिनेमात नेपाळचं मादल वाजलं. ते वाजवणारे रणजित गझमेर, दार्जिलिंगकडचे. 'कांचा' म्हणत त्यांना. त्यानंतर मादल पंचमच्या गाण्यांतून कधी गेलंच नाही.

बाकीची माणसं बघा कुठून कुठून आलेली. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये यांची बैठक जमायची. मनोहारी सिंग कलकत्त्याहून आलेले, सॅक्सोफोनवर. वासुदेव चक्रवर्ती चेलोवर. ही जोडी पंचमची साहाय्यकही होती. केरसी लॉर्ड आणि बर्जोर लॉर्ड हे पारशी भाऊ, त्यांचे वडील कावस लॉर्डही वादकच. केरसी लॉर्डनी परदेशातून तो नवा इलेक्ट्रॉनिक मूग वाजवायला आणला तेव्हा मुंबईत तो कोणी पाहिलाही नव्हता. ड्रमवर लेस्ली गुदिन्हो आणि नंतर फ्रँको वाझ, बेस गिटारवर टोनी वाझ. भानू गुप्ता गिटारवर. 'शोले'त अमिताभ पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो तो वाजवलाय याच भानू गुप्तांनी. होमी मुल्लां तर हाताला लागेल त्या वस्तूतून ताल काढायचे. आणि आपली मराठी माणसं: तबल्यावर मारुतीराव कीर, रेसो-रेसोवर अमृतराव काटकर. रेसो-रेसो म्हणजे खाचा पाडलेलं वाद्य, काठीने घासायचं. पंचमच्या गाण्यात मागे जी 'खर्र-खर्र' चालू असते ना, ती. संतूरवर उल्हास बापट, 'घर' सिनेमापासून शेवटच्या '१९४२ : अ लव्ह स्टोरी'पर्यंत.

ही नावं मी आत्ता घडाघडा म्हटली. १९८४ ला मला यातलं एकही माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल. मग आज माहीत कशी झाली? सरकारने सांगितली नाहीत, आणि कॅसेट काढणाऱ्यांनी तर नाहीच. चाहत्यांनी शोधली. पुण्यात 'पंचममॅजिक' नावाचा चाहत्यांचा गट आहे. नोकरी-धंदा करणारी साधी माणसं. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या मुंबई-कलकत्त्याच्या वेड्यांनी या म्हाताऱ्या वादकांचे पत्ते काढले, घरी गेले, एकेक गाणं लावून 'हे कोणी वाजवलं, हे कसं काढलं' असं विचारलं. त्यांना स्टेजवर बोलावलं. न्यूझीलंडच्या विद्यापीठातला ग्रेगरी बूथ नावाचा एक प्राध्यापक मुंबईत येऊन या वादकांशी बोलला आणि २००८ मध्ये त्याने या पडद्यामागच्या माणसांवर जाडजूड पुस्तक काढलं. २०११ मध्ये अनिरुद्ध भट्टाचार्य आणि बालाजी विठ्ठल यांनी पंचमवर पुस्तक लिहिलं. त्याला सिनेमावरच्या उत्कृष्ट पुस्तकाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ते दोघेही मुळात चाहतेच.

चाहत्यांचं मी कौतुक करतेय म्हणून त्यांचे दोषही सांगते. पंचमची १९८० नंतरची कित्येक कामं मला कंटाळलेल्या माणसाची वाटतात. सिनेमेही तसलेच होते म्हणा. हे मी एकदा कार्यक्रमानंतर चहाच्या टपरीवर बोलले, तर एका गृहस्थांनी माझ्या हातातला वडापाव तेवढा ठेवला, बाकी सगळं काढलं. चाली उचलल्याचं मात्र हे लोक लपवत नाहीत. 'शोले'तलं ते हेलनचं गाणं डेमिस रूसो या ग्रीक गायकाच्या गाण्यावरून घेतलंय हे मला पहिल्यांदा पंचमच्या कट्टर भक्तानेच दाखवलं, दोन्ही गाणी एकापाठोपाठ लावून. म्हणाला, चाल घेतली, पण बाटल्या त्याच्या स्वतःच्या. आणि एक गैरसमज जाता जाता दूर करते. ब्लॅक आइड पीज नावाच्या अमेरिकन मंडळींनी २००५ मध्ये एका गाण्यात आपल्या हिंदी गाण्यांचे तुकडे वापरले, त्या गाण्याला ग्रॅमीही मिळालं. ते तुकडे आरडीचे असं आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सहा महिन्यांनी कोणीतरी टाकतं. ते कल्याणजी-आनंदजींचे आहेत. ज्याचं त्याला द्या. आरडीची गाणी घेऊन अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटने आशाताईंबरोबर त्याच वर्षी आख्खा अल्बम काढला, तो वेगळा.

आता पुन्हा अमेरिकेत नेते, एकदाच. डेट्रॉईट हे मोटारींचं शहर, समजा आपलं चाकण. तिथे मोटाऊन नावाची रेकॉर्ड कंपनी होती. एका घरातच तिचा स्टुडिओ. साठच्या दशकात सगळं जग ज्या सोल गाण्यांवर नाचलं त्यातली कितीतरी तिथे झाली. गाणारे वेगवेगळे, वाजवणारा संच बहुतेक एकच. स्वतःला ते 'फंक ब्रदर्स' म्हणायचे. त्यांची नावं कंपनीच्या रेकॉर्डवर छापून आली ती १९७१ मध्ये, तोवर वर्षानुवर्षं वाजवून झालं होतं. त्यांच्यातला बेस गिटार वाजवणारा जेम्स जेमरसन. बेस वाजवणारे आज त्याला देव मानतात. १९८३ मध्ये कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, दूरदर्शनवर दाखवला. याला बोलावणं नव्हतं. त्याने बाहेर तिकीट विकत घेतलं आणि वर मागे जाऊन बसला. स्टेजवर त्याच्याच गाण्यांवर टाळ्या पडत होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला, ४७ व्या वर्षी. पुढे एका गिटारवाल्याने त्याच्यावर पुस्तक लिहिलं, २००२ मध्ये त्या सगळ्या संचावर माहितीपट निघाला, आणि उरलेल्या म्हाताऱ्यांसाठी लोक उभे राहिले.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला आपला वाजवणारा आठवला.

तुमच्यातल्या पुण्या-मुंबईला गेलेल्यांना पुढचं माहीत नसेल. दहावीनंतर तो ऑर्केस्ट्रात शिरला. आधी बोंगो, मग कोंगा, मग हप्त्यावर घेतलेला ऑक्टोपॅड. मावळातली गावं, खेड, चाकण, जुन्नरपर्यंत जत्रा. लग्नसराईत बेंजो पार्टी. पोरगा तयारीचा होता, पण त्याची एक खंत होती. आरडीची गाणी त्याला 'बसायची' नाहीत. लक्ष्मी-प्यारेंचा ठेका तो झोपेत वाजवायचा, आरडीचा आला की घाम. कॅसेट पुढे-मागे करून रिबिन गळाठली, तरी काहीतरी राहूनच जायचं. ऑर्केस्ट्राचा मालक सगळ्यांदेखत म्हणायचा, "हात अपुरा आहे तुझा." असं सात-आठ वर्षं ऐकलं. मग कीबोर्डवर तयार ठेके आले. तिकडे मुंबईतही तेच झालं होतं, साठ साठ वादकांचं काम एका यंत्रावर. पंचमलासुद्धा शेवटी काम मिळेना. १९८८ ला हृदयविकाराचा झटका आला, पुढे शस्त्रक्रिया झाली. '१९४२' लोकांनी डोक्यावर घेतला आणि फिल्मफेअर मिळालं, पण ते बघायला तो नव्हता. इकडे आपल्या वाजवणाऱ्याने ऑक्टोपॅड विकला, बहिणीच्या लग्नात आणि घराच्या पत्र्यांत पैसे घातले, आणि एका कारखान्यात प्रेसवर लागला. तिथल्या आवाजाने उजवा कान गेला. डाव्याने ऐकतो. मोबाईल डाव्या कानाला लावतो ते तुम्ही बघितलं असेल.

काही वर्षांपूर्वी मी त्याला आणि वहिनींना कोथरूडच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. तो यायला तयार नव्हता. "एका कानाने काय ऐकू, अर्ध्या तिकिटात सोडतात का?" म्हणाला. आम्ही उजव्या बाजूच्या खुर्च्या मागून घेतल्या, म्हणजे डावा कान स्टेजकडे राहील. तिथे एक पद्धत आहे. गाणं सरळ वाजवून टाकत नाहीत. आधी उकलून दाखवतात. एका गाण्याच्या वेळी निवेदक म्हणाला, आता फक्त ताल ऐका. एकजण नुसता तबला वाजवू लागला, अगदी साधा, कोणालाही यावा असा. त्यात दुसऱ्याने बोंगो सोडला, तोही साधा, पण तबल्याच्या मधल्या रिकाम्या जागांत. तिसऱ्याने ती रेसो-रेसोची खरखर लावली. चौथ्याने मादलावर दर चार मात्रांनी दोनच थापा. आणि एकदम तोच ठेका उभा राहिला. कॅसेटवरचा.

मी शेजारी बघितलं. आपला वाजवणारा बोटांवर मोजत होता. मग वहिनींना ओलांडून माझ्याकडे वाकला आणि म्हणाला, "अगं, हे चौघांचं काम होतं. मी एकटा वाजवायला बघत होतो."

मध्यंतरात चहा घेताना मी त्याला म्हटलं, चला, आता तरी मनातून गेलं ना. तर म्हणाला, "गेलं काय? चिडलोय मी. कव्हरवर चार नावं छापली असती तर मला सोळाव्या वर्षीच कळलं असतं की चार माणसं आहेत. शाई किती लागली असती?"

मला वाटतं, मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. ती विशीतली पोरं आठवणी काढायला येत नाहीत. ती मोजायला येतात. गाण्यात कोण कुठे बसलंय, कोणी जागा सोडली, कोणी भरली, हे त्यांना बघायचं असतं. पंचमचं गाणं शंभर वेळा ऐकलं तरी एकशे एकाव्या वेळी मागे कोणीतरी नवा माणूस सापडतो. आणि तो माणूस खराच असतो. त्याला नाव आहे, घर आहे, चाळीतला पत्ता आहे, आणि वय झालंय. म्हणून चाहते घाई करतात. मनोहारी सिंग २०१० मध्ये गेले, केरसी लॉर्ड २०१६ मध्ये, भानू गुप्ता आणि उल्हास बापट दोघेही २०१८ च्या जानेवारीत. बेस आणि गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांचं तर अजबच. त्यांनी १९८२ मध्ये रागांवर यंत्राच्या ठेक्याची एक रेकॉर्ड केली होती, कोणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये युरोपात ती पुन्हा निघाली आणि तिकडची तरुण पोरं खुळी झाली. सत्तरीच्या या आजोबांना परदेशात कार्यक्रमांना बोलावणी येऊ लागली. अठ्ठावीस वर्षांनी!

आता माझं खरं काम, ज्यासाठी मी विषय बदलून मागितला.

ही स्मरणिका छापायला जाणार आहे. त्यात सरांचे फोटो आहेत, गुणवत्ता यादीतली मुलं आहेत, सरपंच झालेले आहेत, देणगीदारांची यादी तर आहेच. संपादक मंडळाकडून मी एक पान मागून घेतलंय. त्यावर आपल्या गावातल्या वाजवणाऱ्यांची नावं यावीत असं मला वाटतं. भजनात पखवाज कोण धरायचं, काकड्याला पेटीवर कोण असायचं, लेझमीपुढे हलगी कोणाची, पंधरा ऑगस्टला शाळेचा ड्रम कोणाच्या गळ्यात असायचा, गोंधळात संबळ कोण वाजवायचं, लग्नात बँडवर क्लॅरिनेट कोणाचा. मी गेल्या महिन्यात आठवून बघितलं, तर मला सहा चेहरे आठवले आणि दोन नावं. काहींना आपण आयुष्यभर नुसतं 'वाजंत्री' म्हणून हाक मारली. आडनाव माहीत नाही. गच्चीवरून डोकी दिसायची म्हटलं ना मघाशी, ती डोकी कोणाची होती ते मला हवंय. ज्येष्ठ गुरुजनांनी यात हात लावला तर बरं होईल. तुम्ही हजेरी घ्यायचात, तुमच्याकडे नावं असणार.

आपल्या वाजवणाऱ्याला मी कालच विचारलं, तुझं नाव घालू का. म्हणाला, "बाकीची आधी जमव, मग बघू." मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतलाय. तो मान हलवतोय, पण उजव्या बाजूने बोलतेय मी, त्याला ऐकू आलेलं नाही.

वही दाराशी, चपला काढल्यात तिथल्या टेबलावर ठेवली आहे. नाव, वाद्य, आणि आठवत असेल तर वाडी-वस्ती, एवढंच लिहायचं. पेन सुतळीने बांधलंय, ते तसंच राहू द्या. आणि कृपा करून जेवणाच्या आधी लिहा. आज मासवडी आहे, नंतर कोणाला काही आठवणार नाही.